किशोरवयीन मुलींमधील दुर्मिळ स्त्री-कर्करोगांच्या उपचारांचा इतिहास : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने साथीच्या रोगांकडे जाते. प्लेग, पटकी, देवी, हिवताप या रोगांनी लोकसंख्या, शासनव्यवस्था आणि समाजमन यांवर खोल परिणाम केला. त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. जे रोग फार थोड्यांना होतात त्यांचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. त्यांची संख्या अल्प असते, रुग्ण विखुरलेले असतात आणि पुष्कळदा रोगाचे नावही कुटुंबाबाहेर जात नाही. किशोरवयीन मुलींना होणारे जननेंद्रियांचे कर्करोग हे अशा उपेक्षित विषयांपैकी एक होत. त्यात वय, स्त्रीत्व आणि कर्करोग अशा तीन गोष्टी एकत्र येतात आणि या तिन्हींविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही.

या विषयाला संख्येच्या पलीकडचे महत्त्व आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत उपचारांचा प्रश्न केवळ जगण्या-मरण्याचा नसतो. ती वाचली तर तिची पाळी, तिचे मातृत्व, तिचा विवाह आणि तिचे शिक्षण यांचे काय होणार, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वैद्यकापुढे जीव वाचवायचा की जननक्षमता राखायची, असा पेच होता. आता बहुतांश रुग्णांच्या बाबतीत हा पेच सुटला आहे. तो कसा सुटला, त्यात महाराष्ट्राचा वाटा काय आणि या प्रगतीचा लाभ बारामती-इंदापूरसारख्या परिसरातील मुलीपर्यंत पोहोचण्यासाठी काय आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) किशोरवयातील दुर्मिळ स्त्री-कर्करोगांच्या उपचारपद्धतींत झालेल्या स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२) या स्थित्यंतरांत महाराष्ट्रातील संस्था व वैद्यकांचे योगदान स्पष्ट करणे.
३) ग्रामीण भागातील निदान आणि उपचारोत्तर जीवन यांच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

प्रस्तुत निबंध ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने लिहिला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. वैद्यकीय सल्ला देणे हा त्याचा हेतू नाही.

रोगांचे स्वरूप

प्रौढ स्त्रियांमध्ये आढळणारे गर्भाशयमुखाचे किंवा बीजांडकोशाचे नेहमीचे कर्करोग किशोरवयात अत्यंत विरळ असतात. या वयात प्रामुख्याने आढळतात त्या बीजांडकोशातील जननपेशींपासून निर्माण होणाऱ्या गाठी. ज्या पेशींपासून पुढे बीजांड तयार व्हायचे, त्याच पेशी मार्ग सोडून वाढू लागतात. वीस वर्षांखालील मुलींच्या बीजांडकोशातील घातक गाठींपैकी मोठा हिस्सा या प्रकाराचा असतो. डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर, अपक्व टेराटोमा ही त्यांतील प्रमुख नावे होत. यांखेरीज संप्रेरके निर्माण करणाऱ्या काही गाठी, योनी व गर्भाशयमुखातील स्नायुपेशींचा सार्कोमा आणि गर्भधारणेशी निगडित कोरिओकार्सिनोमा हे प्रकारही या वयात आढळतात.

जननपेशींच्या गाठींची काही वैशिष्ट्ये इतिहास समजून घेण्यासाठी ध्यानात ठेवली पाहिजेत. त्या वेगाने वाढतात. काही आठवड्यांत पोट दिसू लागते. बहुधा त्या एकाच बाजूच्या बीजांडकोशात असतात. डिसजर्मिनोमा मात्र काही रुग्णांत दोन्ही बाजूंस आढळतो. त्यांतील काही गाठी रक्तात विशिष्ट द्रव्ये सोडतात. योक सॅक ट्यूमरमध्ये अल्फा फीटोप्रोटीन हे द्रव्य वाढते, तर काही गाठी गर्भधारणेत आढळणारे एचसीजी हे संप्रेरक निर्माण करतात. परिणामी, गर्भवती नसलेल्या मुलीची लघवीची गर्भचाचणीही होकारार्थी येऊ शकते. पोट वाढलेले, पाळी अनियमित आणि त्यात चाचणी होकारार्थी, अशा परिस्थितीत अविवाहित मुलीवर कोणता प्रसंग ओढवत असेल, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. या रोगाच्या सामाजिक इतिहासाचा आरंभच मुळी संशयापासून होतो.

प्राचीन निरीक्षण ते शस्त्रक्रियेचे युग

स्त्रीच्या पोटातील गाठ आणि गर्भ यांत गल्लत होते, हे निरीक्षण भारतीय वैद्यकाला फार पूर्वीपासून ज्ञात होते. चरकसंहितेत स्त्रियांना होणाऱ्या रक्तगुल्माचे वर्णन आहे. त्याची लक्षणे गर्भासारखी भासतात, म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्यावर चिकित्सा करावी, असे तेथे सांगितले आहे. रक्तगुल्म म्हणजे आजचा अमुक एक कर्करोग असे समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. गर्भाला इजा होऊ नये म्हणून वैद्याने थांबावे, ही त्या उपदेशामागील भूमिका मात्र विचारपूर्वक होती. निश्चित निदानाचे साधन हाती नसताना प्रतीक्षा हेच एक साधन उरते. वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या बाबतीत मात्र हीच प्रतीक्षा घातक ठरते.

बीजांडकोशातील मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढून रुग्ण वाचविता येतो, हे प्रथम अमेरिकेत केंटकी प्रांतातील इफ्राइम मॅकडॉवेल या शल्यविशारदाने १८०९ मध्ये सिद्ध केले. त्या वेळी भूल देण्याचे तंत्र अस्तित्वात नव्हते. त्याची रुग्ण त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ जगली. पुढे १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर आणि १८६७ मध्ये लिस्टर यांची निर्जंतुक शस्त्रक्रियेची पद्धत यांमुळे पोटाच्या शस्त्रक्रिया तुलनेने सुरक्षित झाल्या.

महाराष्ट्रात या नव्या शल्यशास्त्राचा लाभ स्त्रियांना मिळण्यात वेगळीच अडचण होती. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास स्त्रिया आणि त्यांचे कुटुंबीय राजी नसत. मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले, ते स्त्री डॉक्टरांनी चालविलेले स्त्रियांचे रुग्णालय म्हणून. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकीय पदवीधर झाल्या. दक्षिण महाराष्ट्रात विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरज येथे स्थापन केलेले मिशन रुग्णालय शस्त्रक्रियांसाठी दूरवर प्रसिद्धी पावले. तथापि, गाठ काढणे शक्य झाले तरी ती घातक असल्यास पुन्हा उद्भवत असे. शस्त्रक्रियेने रोगाचे निवारण होई ते केवळ सौम्य गाठींच्या बाबतीत. घातक गाठ असल्याची शंका आल्यास दोन्ही बीजांडकोश व गर्भाशय काढून टाकणे हाच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा मान्य उपाय होता आणि तोही पुष्कळदा अपुरा पडे.

मुंबईतील कर्करोग केंद्र आणि किरणोपचार

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे टाटा न्यासाच्या प्रयत्नांतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईतील परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथे विकृतिशास्त्राचा पाया घातला. दुर्मिळ रोगांच्या बाबतीत या शास्त्राचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचा नेमका प्रकार ठरविणारा तज्ज्ञ नसेल, तर पुढील सर्व उपचार अंदाजावर चालतात.

या गाठींचे वर्गीकरणही याच काळात स्थिरावत होते. जर्मन विकृतितज्ज्ञ रॉबर्ट मायर यांनी १९३१ मध्ये डिसजर्मिनोमा हे नाव रूढ केले. डेन्मार्कचे गुन्नार टायलुम यांनी १९५९ मध्ये योक सॅक ट्यूमरचे स्वरूप स्पष्ट केले. तत्पूर्वी एकाच नावाखाली मोडणाऱ्या गाठी प्रत्यक्षात भिन्न आहेत, हे यातून सिद्ध झाले.

डिसजर्मिनोमा किरणांना उत्तम प्रतिसाद देतो, हे लक्षात आल्यावर किरणोपचार हा त्यावरील प्रमुख उपाय झाला. त्यामुळे अनेक मुलींचे प्राण वाचले. परंतु उदर व कटिभागावर दिलेल्या किरणांनी उरलेला बीजांडकोशही निकामी होत असे. ऐन विशीत पाळी थांबे आणि मातृत्वाची शक्यता संपुष्टात येई. इतर प्रकारांत तर किरणांचाही फारसा उपयोग होत नव्हता. अमेरिकेतील कुरमन व नॉरिस यांनी १९७६ मध्ये योक सॅक ट्यूमरच्या ७१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे मध्यमान वय १९ वर्षे होते आणि तीन वर्षांनंतर हयात राहण्याचे प्रमाण अवघे १३ टक्के होते. प्रगत देशातील हे प्रमाण लक्षात घेता आपल्याकडील स्थितीची कल्पना येऊ शकते.

औषधांनी घडविलेले परिवर्तन

या रोगांच्या इतिहासातील खरे परिवर्तन औषधांनी घडविले. त्याचा आरंभ एका भारतीय संशोधकाच्या कार्याशी जोडलेला आहे. भीमावरम येथे जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तयार झाली. बालकांच्या रक्तकर्करोगावर सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये त्यांतील एकाचा उपयोग केला. मेथोट्रेक्सेट हे याच कुळातील औषध होय. मिन च्यू ली आणि रॉय हर्ट्झ यांनी त्याच्या साहाय्याने कोरिओकार्सिनोमा आटोक्यात आणल्याचे १९५६ मध्ये जाहीर केले. पसरलेला घन कर्करोग केवळ औषधाने बरा होण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. गर्भाशय न काढता बऱ्या झालेल्या तरुण स्त्रिया पुढे माता होऊ लागल्या, हे त्याचे दुसरे महत्त्व.

या घटनेचा किशोरवयीन मातांशी निकटचा संबंध आहे. द्राक्षगर्भ या नावाने ओळखला जाणारा विकृत गर्भ वीस वर्षांखालील आणि चाळिशीनंतरच्या स्त्रियांत तुलनेने अधिक आढळतो आणि त्यातून काही वेळा कोरिओकार्सिनोमा उद्भवतो. शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला, तेव्हा मुलीचे विवाहवय चौदा ठरले. ते १९७८ मध्ये अठरा झाले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. द्राक्षगर्भ काढून टाकल्यावर काही महिने रक्तातील एचसीजीची नियमित तपासणी करावी लागते. एवढी दक्षता घेतल्यास पुढील धोका वेळेत ओळखता येतो आणि रोग जवळजवळ हमखास बरा होतो. मात्र सासर-माहेर अशा फेऱ्यांत असणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीला ही तपासणी चुकविणे किती सोपे आहे, हे आपण जाणतो.

बीजांडकोशातील गाठींसाठी १९७० च्या दशकात तीन औषधांचे एकत्रित उपचार सुरू झाले. त्यांतील व्हिन्क्रिस्टीन हे औषध आणि त्याचे भावंड व्हिनब्लास्टीन सदाफुलीपासून मिळते. महाराष्ट्रात दारोदारी फुलणाऱ्या या झाडाच्या पानांत कर्करोगनाशक द्रव्य असल्याचे कॅनडातील नोबल व बिअर यांनी १९५८ मध्ये दाखविले. ही दोन्ही औषधे भारतात तयार करण्याचे तंत्र पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने सिप्ला कंपनीने १९८४ मध्ये विकसित केले. औषधाच्या उत्पादनप्रक्रियेस संरक्षण देणारा परंतु उत्पादनावरील मक्तेदारी नाकारणारा १९७० चा पेटंट कायदा त्यामागे होता. दुर्मिळ रोगाचा महागडा उपचार भारतीय रुग्णाच्या आवाक्यात येण्यास जेवढे वैद्यक कारणीभूत झाले, तेवढाच हा कायदाही कारणीभूत झाला.

निर्णायक औषध ठरले ते सिस्प्लॅटिन. प्लॅटिनमच्या संयुगाने पेशींचे विभाजन थांबते, असे बार्नेट रोझेनबर्ग यांना १९६५ मध्ये योगायोगाने आढळले. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७७ मध्ये पुरुषांच्या वृषणातील पसरलेल्या गाठींवर सिस्प्लॅटिन, व्हिनब्लास्टीन आणि ब्लिओमायसिन यांचे यश प्रसिद्ध केले. वृषणातील आणि बीजांडकोशातील या गाठी एकाच कुळातील असल्याने तीच पद्धत मुलींसाठी अनुसरली गेली. पुढे व्हिनब्लास्टीनऐवजी इटोपोसाइड आले. अमेरिकेतील स्त्री-कर्करोग गटाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गाठ पूर्णपणे काढल्यानंतर ही औषधे दिलेल्या ९३ रुग्णांपैकी ९१ जणी या रोगापासून मुक्त होत्या. अवघ्या अठरा वर्षांपूर्वी योक सॅक ट्यूमरच्या रुग्णांपैकी बहुसंख्य तीन वर्षेही जगत नव्हत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या परिवर्तनाची व्याप्ती स्पष्ट होते.

या परिवर्तनाचा सर्वांत मोठा परिणाम शस्त्रक्रियेवर झाला. औषधे उरलेला रोग नष्ट करतात असा विश्वास आल्याने फक्त रोगट बाजूचा बीजांडकोश काढून दुसरा बीजांडकोश व गर्भाशय सुरक्षित ठेवणे ही सर्वमान्य पद्धत झाली. रोग पसरलेला असतानाही बहुधा असे करता येते. जीव की मातृत्व, हा पेच येथे सुटला.

याच काळातील एका प्रतिकूल घटनेची नोंद करणे आवश्यक आहे. बॉस्टन येथील हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये १५ ते २२ वयाच्या आठ तरुणींमधील योनीच्या अतिदुर्मिळ कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गर्भारपणी डीईएस हे कृत्रिम संप्रेरक घेतले होते. केवळ आठ रुग्णांच्या काळजीपूर्वक नोंदीतून जगभर वापरल्या जाणाऱ्या औषधाचा धोका उघड झाला. दुर्मिळ रोगाची नोंद का ठेवावी, याचे याहून उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल.

गर्भाशय राखण्याची मुंबईची परंपरा

तरुण स्त्रीचे गर्भाशय वाचविण्याचा विचार मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना नवा नव्हता. परळच्या के. ई. एम. आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह या १९२६ मध्ये सुरू झालेल्या रुग्णालयांभोवती या शाखेची एक परंपरा विकसित झाली. गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया शोधली. १९५५ मध्ये ती प्रसिद्ध झाली व जगभर शिरोडकर टाका म्हणून ओळखली जाऊ लागली. अंग बाहेर येण्याचा त्रास असणाऱ्या तरुण स्त्रियांचे गर्भाशय न काढता ते वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रियाही शिरोडकर व पुरंदरे यांच्या नावांनी प्रचलित आहेत. मूल नसलेल्या स्त्रीला समाजात कोणती वागणूक मिळते, याची जाण या संशोधनामागे निश्चितच होती.

या परंपरेचा कर्करोगोपचाराशी पुढे अनपेक्षित संबंध आला. फ्रान्समधील दानिएल दार्जाँ यांनी १९८७ पासून गर्भाशयमुखाच्या आरंभिक कर्करोगात केवळ मुख काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तीत उरलेल्या गर्भाशयाला आधार म्हणून टाका घालावा लागतो आणि त्यामागील तत्त्व शिरोडकरांच्या टाक्याचेच आहे. गर्भाशयमुखाचा सार्कोमा झालेल्या निवडक किशोरवयीन मुलींतही या शस्त्रक्रियेचा उपयोग करण्यात आला आहे.

या परंपरेच्या विरुद्ध टोकाचे वास्तवही आपल्याच परिसराशी निगडित आहे. बारामती-इंदापूर भागातील साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडणीसाठी बीड जिल्ह्यातून कुटुंबे येतात. राज्य शासनाने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांत सुमारे १३ हजार ८०० जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साध्या तक्रारींवरही कर्करोगाची भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. एकीकडे खरा कर्करोग असूनही गर्भाशय वाचविता येते आणि दुसरीकडे कर्करोग नसतानाही ते काढले जाते. हा फरक वैद्यकीय ज्ञानाचा नसून ज्या स्त्रीवर उपचार होतात तिच्या सामाजिक स्थानाचा आहे.

नोंदवही आणि बार्शीचा अनुभव

भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिचा विस्तार १९७२ मध्ये पुण्यापर्यंत झाला. तथापि, या नोंदी शहरी होत्या. ग्रामीण भागातील चित्र प्रथम स्पष्ट झाले ते सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. डॉ. बी. एम. नेने यांनी १९८२ मध्ये तेथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभे केले आणि १९८७ मध्ये डॉ. कस्तुरी जयंत यांच्या मार्गदर्शनाखाली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावांत कार्यकर्ते घरोघर जाऊ लागले.

या कार्याचा एक परिणाम लक्षणीय आहे. कार्यकर्त्यांच्या भेटींमुळे लोकांत लक्षणांविषयी जाणीव निर्माण झाली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत येऊ लागले. नोंद घेण्याची कृती स्वतःच उपचाराचा भाग ठरली. पुढे उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांवर आधारलेला तपासणी-चाचण्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही चाचणीने प्रगत कर्करोग व मृत्यू कमी होतात, असे त्यातून दिसले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध झाली.

परंतु येथेच दुर्मिळ रोगांचा प्रश्न वेगळा पडतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग वर्षानुवर्षे हळूहळू तयार होतो. म्हणून त्याची तपासणी करता येते आणि लसही देता येते. बीजांडकोशातील जननपेशींची गाठ काही आठवड्यांत वाढते. तिच्यासाठी लस नाही आणि निरोगी मुलींची सरसकट तपासणी करून ती शोधण्याची पद्धतही नाही. मुलीने सांगितलेली तक्रार आणि ती प्रथम ऐकणारी व्यक्ती एवढ्यावरच निदानाची भिस्त असते.

बारामती-इंदापूर : अंतराचा प्रश्न

बारामतीला दौंडशी जोडणारी रेल्वे १९१४ मध्ये सुरू झाली. टाटा रुग्णालयाच्या आरंभीच्या काळात या भागातील रुग्णाला दौंडमार्गे मुंबई गाठता येत होती; म्हणजे रस्ता होता. प्रश्न होता तो मुंबईतील मुक्कामाचा, शेतीच्या खोळंब्याचा आणि खर्चाचा. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेने ग्रामीण महाराष्ट्रातील कित्येक कर्करुग्णांना निवारा दिला, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. इंदापूरच्या पूर्वेकडील गावांना बार्शी हा तुलनेने जवळचा पर्याय उपलब्ध झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये संपूर्ण राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तीत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार समाविष्ट असल्याने खर्चाचा भार बराच हलका झाला. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

अंतर आणि पैसा या दोन अडचणी अशा रीतीने कमी होत असताना तिसरी अडचण अधिक ठळकपणे दिसू लागते. ती म्हणजे पहिले निदान आणि पहिली शस्त्रक्रिया. पोट दुखते आणि फुगले आहे अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलीच्या बाबतीत आपल्याकडे अपचन, जंत किंवा पोटाचा क्षयरोग यांचा विचार आधी होतो. पोटात पाणी झालेले असल्यास क्षयरोगाची शंका घेणे गैरही नाही. तो आपल्याकडे खरोखरच अधिक आढळतो. सोनोग्राफीत गाठ दिसल्यावर ती तातडीने काढण्याकडे कल असतो. अशा वेळी अल्फा फीटोप्रोटीन, एचसीजी व एलडीएच या रक्तचाचण्या आधी झाल्या नाहीत, गाठ पोटात फुटली किंवा घाबरून दोन्ही बीजांडकोश काढले गेले, तर पुढे कोणतेही मोठे रुग्णालय ती हानी भरून काढू शकत नाही. मोठ्या शहरातील उपचारांचे यश तालुक्याच्या गावातील या पहिल्या निर्णयावर अवलंबून असते.

गर्भचाचणीचा प्रश्नही येथेच उद्भवतो. होकारार्थी चाचणीनंतर सोनोग्राफीने गर्भ आहे की नाही याची खात्री होण्यापूर्वीच मुलीविषयी निष्कर्ष काढला गेला, तर कुटुंब रुग्णालयाऐवजी मौनाचा आश्रय घेते. मग आठवडे निघून जातात. सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत पाळीच न आलेली मुलगीही अशीच दुर्लक्षित राहते. बीजांडकोशांची जन्मजात वाढ अपुरी असणाऱ्या अशा काही मुलींत डिसजर्मिनोमा होण्याचा धोका अधिक असतो. परंतु घरी हा विषय लग्न जमेपर्यंत निघत नाही.

बरे झाल्यानंतर

बऱ्या झालेल्या रुग्णांचा इतिहास उपचार संपल्यावर संपत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयात बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांच्या दीर्घकालीन पाठपुराव्यासाठी डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्वतंत्र विभाग सुरू झाला. औषधांचे उशिरा दिसणारे परिणाम या विभागात तपासले जातात. सिस्प्लॅटिनमुळे ऐकू कमी येणे व मूत्रपिंडाला इजा होणे, ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांवर आणि इटोपोसाइडमुळे क्वचित रक्तावर परिणाम होणे शक्य असते. एक बीजांडकोश राखलेल्या बहुसंख्य मुलींची पाळी मात्र पुन्हा नियमित होते आणि त्या माता होऊ शकतात.

वैद्यक हे निःसंदिग्धपणे सांगत असूनही समाजाची स्मृती जुन्याच काळात रेंगाळते. कर्करोग झालेल्या मुलीला मूल होणार नाही, हा समज किरणोपचारांच्या काळात बऱ्याच अंशी खरा होता. आज तो बहुतेकींच्या बाबतीत खरा नाही. तरीही त्यापायी उपचार लपविले जातात, पाठपुरावा सोडला जातो आणि शिक्षण खंडित होते. रोगाचा इतिहास बदलला. त्याविषयीच्या भीतीचा इतिहास अद्याप बदललेला नाही.

निष्कर्ष

१) किशोरवयीन मुलींमधील दुर्मिळ स्त्री-कर्करोगांच्या उपचारांत १९५६ ते १९९४ या चार दशकांत मूलभूत परिवर्तन झाले. औषधोपचारांमुळे जीव वाचविणे आणि जननक्षमता राखणे ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी राहिली नाहीत.

२) या परिवर्तनात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. परळमधील विकृतिशास्त्र, मुंबईच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची गर्भाशय राखण्याची परंपरा, पुण्यातील औषधनिर्मितीचे संशोधन आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी हे त्याचे प्रमुख घटक होत.

३) अंतर व खर्च हे अडथळे कमी होत असले तरी लक्षणांविषयीचे मौन, मुलीवरील संशय आणि चुकीची पहिली शस्त्रक्रिया हे अडथळे कायम आहेत. त्यांचे निवारण केवळ मोठ्या रुग्णालयांनी होणार नाही.

४) बरे झालेल्या मुलींचा दीर्घकालीन पाठपुरावा व त्यांचे शैक्षणिक पुनर्वसन हा उपचारांचाच भाग मानला पाहिजे.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. हे रोग ज्या वयात होतात त्या वयातील मुली आपल्या कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांच्या वर्गांत बसतात. महिनाभर अनुपस्थित राहिलेली, पोटदुखीची तक्रार करणारी किंवा अचानक बोलेनाशी झालेली विद्यार्थिनी प्राध्यापकांच्या दृष्टीस डॉक्टरांच्या आधी पडते. तिची चौकशी सहानुभूतीने करणे, पालकांना तपासणीचा आग्रह धरणे आणि उपचारानंतर परतलेल्या विद्यार्थिनीचे वर्ष वाया जाऊ न देणे यासाठी वैद्यकीय ज्ञानाची गरज नाही. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन जे केले, ते महाविद्यालयाला आपल्या वर्गात करता येण्यासारखे आहे. रोग दुर्मिळ असल्यामुळे अशी विद्यार्थिनी एखाद्या शिक्षकाच्या संपूर्ण सेवाकाळात एखादीच भेटेल किंवा भेटणारही नाही. पण ती भेटली आणि तिचे म्हणणे वेळेवर ऐकले गेले, तर तिचे आयुष्य वाचू शकते. या इतिहासाने ते शक्य करून ठेवले आहे.